कुठल्या मोहऱ्याला हात लागला?

हा प्रश्न मला आयुष्यात एकदाच कुणीतरी विचारलाय, आणि ज्याने विचारला त्याला दिसत नव्हतं.

पुण्यातली एक ओपन बुद्धिबळ स्पर्धा, वीसेक वर्षं झाली असतील. स्विस लीग, चौथी का पाचवी फेरी. कुणाची कुणाशी गाठ ते सांगणारा पेअरिंगचा कागद बघून टेबलापाशी गेलो तर समोर तिशीतला एक माणूस, गडद चष्मा, आणि आमच्या नेहमीच्या पटाशेजारी त्याचा स्वतःचा छोटा लाकडी पट. दृष्टिहीन खेळाडूंचा पट तोवर मी लांबूनच बघितला होता. प्रत्येक घराला भोक असतं आणि मोहऱ्याच्या बुडाला खिळा, म्हणजे हात फिरवला तरी मोहरं पडत नाही. काळी घरं पांढऱ्यापेक्षा किंचित उंच, आणि काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर बारीक टोक, बोटाला कळावं म्हणून. दोघांनीही आपली चाल मोठ्याने सांगायची आणि ती ज्याने त्याने आपापल्या पटावर करायची. उभ्या पट्ट्यांना नावं असतात, ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, इव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर, कारण ए, बी, सी, डी गोंगाटात सारखंच ऐकू येतं. पहिल्या दहा चाली मला ती नावं घ्यायला अवघड गेलं, मग जीभ सरावली आणि "इव्हा पाच" म्हणताना ते घर खरंच कुणाचं तरी असल्यासारखं वाटायला लागलं.

तो डावा हात पटावरून सतत फिरवायचा, अगदी हलका, झोपलेल्या मुलाच्या डोक्यावरून फिरवतात तसा. मी पटाकडे बघतोय, तो पटाला हात लावून बघतोय, आणि तासाभरात मला असं वाटायला लागलं की ह्या पटावर माझ्यापेक्षा त्याला जास्त दिसतंय.

बाविसाव्या चालीच्या आसपास मी घोडा उचलायला हात नेला, घोड्याला बोटं लागली, तो जरासा सरकलाही आणि तेवढ्यात लक्षात आलं की घोडा हलला की मागचं प्यादं सुटतंय. हात काढून घेतला. नियम सगळ्यांना माहीत असतो, हात लागला की तेच मोहरं चालायचं. आर्बिटर, म्हणजे पंच, हॉलच्या दुसऱ्या टोकाला, शेजारच्या टेबलावरचे दोघं आपल्या डावात बुडालेले, कुणीही बघितलं नव्हतं. तर तो मान वर न करता शांतपणे म्हणाला, "कुठल्या मोहऱ्याला हात लागला?"

आवाज ऐकला होता त्याने, लाकडावर लाकूड सरकल्याचा. मोहरं कुठलं ते त्याला कळणं शक्य नव्हतं आणि मी काहीही सांगितलं असतं तरी त्याला ते खरंच मानावं लागलं असतं. पण त्याच्या विचारण्यात संशय अजिबात नव्हता हो, जसं आपण "किती वाजले" विचारतो तसं विचारलं. मी म्हणालो, "घोडा, फेलिक्स तीनवरचा." तो म्हणाला "बरं" आणि वाट बघत बसला. मी घोडा चाललो, प्यादं गेलं, आणखी वीस चालींनी डाव गेला. उठताना त्याने हात पुढे केला आणि त्या हातात हात देताना मला जे वाटलं ते मी आजवर जिंकलेल्या कुठल्याही डावानंतर वाटलेलं नाही.

पन्नास-पंचावन्न वर्षं खेळतोय मी. कुणी विचारतं रेटिंग किती होतं, कुठल्या स्पर्धा मारल्या, तर सांगण्यासारखं फार नाही, जिल्हा पातळीवरचा बरा खेळाडू आणि बँकेच्या टीममधला तिसऱ्या बोर्डाचा माणूस. पण माणसं म्हणाल तर अशी भेटली की त्यांच्याबद्दल लिहायचं राहून गेलं तर मला चैन पडणार नाही. त्यातल्या बऱ्याच जणांशी माझं एकूण बोलणं पाच-दहा वाक्यांच्या वर झालेलं नाही.

मी सांगलीचा. बुद्धिबळ खेळणाऱ्या माणसाला हे सांगितलं की तो लगेच म्हणतो, अरे मग काय! कारण भाऊसाहेब पडसलगीकर. त्यांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं आणि पुढे आयुष्यभर तेच केलं. दर उन्हाळ्यात सांगलीत स्पर्धा, गावोगावचे खेळाडू यायचे, आणि आम्हा पोरांना मे महिना म्हणजे आंबे, नदी आणि बुद्धिबळ हे एकाच दमात आठवतं. आम्ही लांबून बघायचो, टाचा उंच करून, मोठी माणसं डोक्याला हात लावून बसलीयत आणि घड्याळं टिकटिकतायत. आमच्याच गावची भाग्यश्री साठे पुढे पाच वेळा राष्ट्रीय विजेती झाली, म्हणजे हे काही नुसतं गावाचं कौतुक नाही.

घरात मात्र आजोबांचं राज्य, आणि आजोबा देशी नियमांनी खेळायचे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्तीची एकत्र चाल, नाही, त्याऐवजी राजाला शह बसायच्या आधी एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी. आणि प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्याच्या घरात पोचलं तेच होणार, घोड्याच्या घरात पोचलं तर घोडा, हत्तीच्या घरात तर हत्ती, सरसकट वजीर नाही. आजोबा म्हणायचे, "कुठं पोचतोस त्यावर काय होणार ते ठरतं, उगाच सगळ्यांना वजीर काय करायचं." मंडळातले नियम घरी सांगितले की ते ऐकून घ्यायचे आणि परत आपल्याच नियमाने मोहरी मांडायचे. मी आणि अक्का दोन्ही नियमांनी शिकलो.

अक्का माझी मोठी बहीण, चार वर्षांनी मोठी. तिच्याकडे परत येतो, आधी मिरजेला जाऊन येऊ.

तर झालं काय, आमच्या घरच्या सेटमधला काळा वजीर हरवला. वर्षभर त्याच्या जागी दोऱ्याचं रीळ ठेवून खेळलो. मी नववीत असताना वडील काही कामाने मिरजेला सतारमेकर गल्लीत गेले, मला बरोबर नेलं. ज्यांनी ती गल्ली बघितली नाही त्यांना सांगतो, घराघरात सतारी आणि तंबोरे, ओटीवर पंढरपूरकडून आलेले मोठमोठे भोपळे वाळत पडलेले, लाकडाचा भुसा, लाखेचा वास, आणि मधूनच कुठल्यातरी खोलीतून एकच तार पुन्हा पुन्हा छेडल्याचा आवाज. ज्यांच्याकडे काम होतं ते चाचा ओट्यावर एका गिऱ्हाइकाबरोबर बुद्धिबळ खेळत बसले होते. मी वडिलांना विसरून तिथेच बसलो. डाव संपल्यावर चाचा म्हणाले, "खेळतोस व्हय? बस की मग."

मी तेव्हा मंडळातल्या पोरांत बऱ्यापैकी होतो, दोन-तीन ओपनिंगं, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठराविक चाली, पाठ. चाचांना ओपनिंगचं एकही नाव माहीत नसावं. माझं एक प्यादं जास्त झालं आणि मला वाटलं झालं काम. मग मोहरी मारली गेली, दोघांचे राजे आणि चार प्यादी उरली आणि तिथून मी हरलो. का हरलो तेच कळेना. परत मांडलं, परत तिथपर्यंत नेलं, परत हरलो.

त्यानंतर दोन वर्षं मी जवळजवळ दर रविवारी सिटी बसने मिरजेला जायचो. चाचा घोडीची जवारी काढत बसायचे, म्हणजे तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात ती कानसीने घासायची, तार लावून ऐकायचं, परत उतरवून घासायचं, केसभर इकडचं तिकडे झालं तर सूर उघडत नाही, आणि एका तंबोऱ्याला कधीकधी अख्खी दुपार. मी शेजारी पट मांडून बसायचो. त्यांची चाल आली की हातातली कानस खाली ठेवून एक बघणं, एक चाल, परत कानस. राजाने तीन घरांचा फेरा मारून परत त्याच जागी यायचं, समोरच्या राजाकडे दोनच घरं असतात म्हणून चाल त्याच्यावर उलटते आणि त्याला जागा सोडावीच लागते, हे पुढे मी पुस्तकात वाचलं तेव्हा त्याला मोठं नाव होतं. चाचा म्हणायचे, "जरा फिरून येऊ दे राजाला. घाई कुणाला हाय?" मोठमोठ्या गवयांची वाद्यं त्यांच्या घराण्यात दुरुस्त झालेली, मीरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं व्हायचं त्या वेळी तर गल्लीत पाय ठेवायला जागा नसायची, पण चाचांनी त्यातलं एक अक्षर कधी स्वतःहून सांगितलं नाही. मी विचारलं तर "व्हय, आलते" एवढंच.

बारावीच्या वर्षी माझं जाणं बंद होणार होतं. शेवटच्या रविवारी त्यांनी शिसवीचा एक तुकडा काढला, तंबोऱ्याच्या खुंटीसाठी ठेवलेला होता, आणि लेथवर धरून वजीर करून दिला. आमच्या सेटपेक्षा बोटभर उंच आणि डोकं खुंटीसारखंच चपटं. मी पैसे विचारले तर म्हणाले, "खुंटी हाय ती. पिळून बघ, सूर लागंल." तो वजीर आजही आहे.

आता अक्का. १९७२ साली फिशर आणि स्पास्कीची मॅच चालू होती तेव्हा मी दहा वर्षांचा आणि अक्का चौदाची. पेपरात डाव यायचे, शाळेतून आलो की ती कात्री घेऊन बसायची. पहिल्याच डावात फिशरने उंटाने एक प्यादं मारलं आणि तो उंट अडकला. सगळं जग विचारत होतं की हा एवढा मोठा खेळाडू असं कसं करतो. अक्काने तो पट तीन दिवस मोडू दिला नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "त्याला बरोबरी नको होती रे, म्हणून." चौदा वर्षांची मुलगी. मी तिच्याशी किती डाव हरलो त्याची गणती नाही, आणि ती मला कधीही बरोबरी देत नसे, मागितली तरी नाही. "खेळ ना, अजून आहे त्यात," एवढंच म्हणायची.

१९७४ ला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, वासंती खाडिलकर जिंकली. मग जयश्री, मग रोहिणी, तिघी बहिणी, 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या मुली, आणि घराणं मूळचं सांगलीचं, त्यामुळे आमच्या घरात ती बातमी नात्यातली असल्यासारखी वाचली गेली. दोन वर्षांनी रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली तेव्हा केवढी खळबळ! वाद पार जागतिक संघटनेपर्यंत गेला आणि तिथले अध्यक्ष मॅक्स युवे, जे स्वतः जगज्जेते राहिलेले, त्यांनी सांगितलं की बाईमाणूस म्हणून कुणालाही अडवता येणार नाही. अक्काने ते कात्रण डाळीच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं, आईला दिसू नये पण आपल्याला रोज दिसावं म्हणून. आईला अर्थात पहिल्याच दिवशी दिसलं आणि तिने ते काढलं नाही.

१९७८ ला अक्काचं लग्न झालं, बार्शीला गेली. घर चांगलं, भाऊजी अतिशय सज्जन, पण त्या घरात बुद्धिबळ नव्हतं आणि अक्काने पट नेला नाही. मी म्हटलं ने, तर म्हणाली, "तुला लागेल." ह्या वाक्याचा मला फार उशिरा त्रास व्हायला लागला.

मी बँकेत लागलो आणि स्पर्धा खेळायला सुट्ट्या मिळायला लागल्या. त्या काळातली एक गोष्ट आजच्या पोरांना सांगितली तर खोटी वाटते, डाव अर्धवट ठेवणं. पाच तासांत संपला नाही तर ज्याची चाल असेल त्याने ती पटावर न करता कागदावर लिहायची, पाकिटात घालून आर्बिटरकडे द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पाकीट उघडून डाव पुढे चालू. रात्रभर दोघंही आपापल्या खोलीत विश्लेषण करणार. पुढे कॉम्प्युटर आले आणि नव्वदच्या दशकात हे बंदच झालं.

१९८४-८५ असेल. खेळाडूंची सोय एका शाळेत, वर्गात सतरंज्या टाकलेल्या. माझा डाव अर्धवट राहिला गोव्याच्या एका मुलाबरोबर, फोंड्याकडचा होता, कोकणी मिसळलेलं मराठी बोलायचा. पाकिटात चाल त्याची. रात्री बघतो तर आम्ही दोघं एकाच वर्गात, आणि माझा सेट दुपारी मी एका मित्राला दिलेला, तो मित्र हरून शेवटच्या एसटीने घरी गेलेला, सेटसकट. आता पाकिटातली चाल त्याला माहीत, मला माहीत नाही, म्हणजे मला चार-पाच शक्यता धरून बघायचं होतं आणि ते पटाशिवाय मला जमणारं नव्हतं. मी नुसता छताकडे बघत पडलो होतो. त्याने माझ्याकडे बघितलं, सेट कुठे म्हणून विचारलं, मी सांगितलं. तर त्याने आपला सेट उचलून माझ्या सतरंजीवर आणून ठेवला. "अकरा वाजेपर्यंत तू बघ, मग मी बघतां." आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला, माझी मोहरी कुठे हलतायत ते आपल्याला दिसू नये म्हणून!

अकराला मी सेट परत केला आणि मीही भिंतीकडे तोंड करून झोपलो. सकाळी पाकीट उघडलं. मी बघितलेल्या चालींपैकीच एक होती, दीड तासात डाव बरोबरीत सुटला. स्पर्धा संपल्यावर मला म्हणाला, गोव्याला ये रे. माझं काही जाणं झालं नाही, पत्ता घ्यायचंही सुचलं नाही. २०२५ ला गोव्यात वर्ल्ड कप झाला, दोनशेवर खेळाडू जगभरातून आलेले, मी रोज मोबाइलवर बघत होतो आणि कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला की साठी ओलांडलेला एखादा माणूस दिसला की थांबवून बघायचो.

पोस्टाने खेळायचा काळ तर वेगळाच. पंधरा पैशांचं पोस्टकार्ड, त्यावर चार आकडे. पटाच्या उभ्या-आडव्या रांगांना एक ते आठ आकडे दिलेले असतात, आधीचे दोन कुठून, नंतरचे दोन कुठे. ५२५४ म्हणजे राजापुढचं प्यादं दोन घरं. भाषेची गरज नाही, रशियातला माणूस सांगलीतल्या माणसाशी खेळू शकतो. माझा एक प्रतिस्पर्धी देवगडकडचे शाळामास्तर होते. एक डाव तीन वर्षं चालला. नियमाने चार आकडे पुरतात पण मास्तर खाली एक ओळ लिहायचे. "पाऊस लांबला." "हापूसला मोहोर बरा." "दोन दिवस शाळेला सुट्टी, खाडीला उधाण." मीही लिहायला लागलो, आधी अवघडून, मग सवयीने, आमच्याकडे हळदीला भाव नाही, कृष्णेला पूर आलाय वगैरे.

तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात माझ्या हत्तीची चाल होती. वजिराच्या पट्टीत चौथ्या घरावरून सातव्या घरावर, ४४४७. ती सापडायला मला आठ दिवस लागले होते, तिथे हत्ती गेला की मास्तरांना सुटका नव्हती. तोच हत्ती मागे पहिल्या घरावर घेतला असता, ४४४१, तर माझं सगळं हातचं गेलं असतं. कार्ड टाकलं. दोन आठवड्यांनी मास्तरांचं उत्तर आलं. आकडे नव्हतेच, नुसता मजकूर होता. तो कागद आत्ता समोर ठेवून लिहितोय: "आपले कार्ड भिजून पोचले. शेवटचा आकडा वाचता येत नाही, एक किंवा सात. परंतु आपण सातच लिहिला असणार. मी डाव सोडतो. आंबोळ्या खायला या."

आकडे आम्ही इंग्रजीत लिहायचो, त्यातला एक आणि सात भिजल्यावर सारखाच दिसणार. ते परत विचारू शकले असते. वाचता आलं नाही म्हणून तक्रार करू शकले असते. महिना गेला असता, तोवर मीही कदाचित चुकलो असतो कुठेतरी. मास्तरांनी माझी चाल माझ्याऐवजी स्वतः शोधली आणि ती मीच केली असणार असं धरलं. मला अजून कळत नाही की ह्याहून मोठा मान एक खेळाडू दुसऱ्याला कसा देऊ शकतो.

आंबोळ्या खायला मी गेलो, १९८९ च्या मे महिन्यात. मास्तर खूप बोलणारे असतील असं वाटलं होतं, अगदी अबोल निघाले. दोन दिवस राहिलो, सात डाव खेळलो आणि निघताना एसटी स्टँडवर ते मला म्हणाले, "पत्रात जास्त बोलतां मी." बस.

मुंबईला फोर्टमधल्या आमच्या शाखेत एक शिपाई होता, साताऱ्याकडचा, जेवणाच्या सुट्टीत पाच-पाच मिनिटांचे डाव चालायचे त्यात तो सगळ्या ऑफिसरांना हरवायचा. दिवसभर साहेब, साहेब, पण घड्याळ सुरू झालं की साहेब बंद, नुसतं "शह". एकदा मी विचारलं तर म्हणाला, "पटावर साहेब म्हटलं की हात अडतो." त्याचं घड्याळावर बोट इतकं हलकं पडायचं की वेळ संपून फ्लॅग पडायच्या आधीच्या दहा सेकंदांतही कधी एक मोहरं आडवं झालं नाही.

नाशिकला बदली झाली तोवर सगळंच बदललं होतं. विश्वनाथन आनंद ग्रँडमास्टर झाला त्याआधी आम्हाला वाटायचं ही पदवी रशियातच उगवते. १९९७ ला आपले प्रवीण ठिपसे झाले, २००० ला पुण्याचा अभिजित कुंटे, आणि मग नाशिकचाच विदित गुजराथी. स्पर्धेला गेलं की निम्मी टेबलं खुर्चीवर उशी ठेवून बसलेल्या पोरांची, आणि हॉलच्या बाहेर आईवडील डबे घेऊन.

२०१६ ला अशाच एका स्पर्धेत नऊ वर्षांची मुलगी समोर आली. दोन वेण्या, चाल लिहिताना जीभ बाहेर. माझी बाजू थोडी वरचढ होती पण मला तिची दमछाक बघवेना, मी ड्रॉ विचारला. ती म्हणाली, "नको काका." परत पटात डोकं. मला एकदम आमची ओटी आणि अक्का आठवली. पुढे तासाभरात ती हरली, हात मिळवला, बाहेर गेली. दारातून दिसत होतं, वडिलांनी एक शब्दही न बोलता पाण्याची बाटली दिली आणि पुढे चालायला लागले. मला राग आला त्यांचा, खोटं कशाला सांगू. पाच मिनिटांनी ती धावत परत आली, "काका, एकतिसाव्या चालीला तुम्ही हत्ती का नाही दिला? मी तेव्हाच हरले असते." मी बघितलंच नव्हतं! व्हरांड्यात फरशीवर पट मांडून बसलो, ती मला दाखवतेय, हत्ती द्यायचा, मग शह, मग उंट, आणि खरंच सुंदर होतं ते. थोड्या वेळाने वडीलही येऊन शेजारी उकिडवे बसले. बराच वेळ बघून हळूच मला म्हणाले, "साहेब, हा घोडा असा वाकडा का जातो?" त्यांना खेळ येतच नव्हता. ती हरली की काय बोलायचं तेच त्यांना कळत नसे. मग पोरगी त्यांना शिकवायला लागली, अडीच घरं, अडीच घरं बाबा, आणि मी माझ्या पुढच्या फेरीला पाच मिनिटं उशिरा गेलो.

अक्काबद्दल राहिलं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये भाच्याने तिच्या फोनवर बुद्धिबळाचं ॲप टाकून दिलं. बेचाळीस वर्षांनी. मला फोन आला, "अरे, इथे रात्री दोन वाजता पण कुणीतरी असतं खेळायला!" पहिले काही आठवडे ती सारखी वेळेत हरायची, तिला घड्याळाची सवयच नव्हती, मग जमलं. आता रोज रात्री कुठल्या कुठल्या देशातल्या माणसांशी खेळते, त्यांचे झेंडे वहीत काढून ठेवते. मी एकदा विचारलं की एवढी वर्षं काहीच खेळली नाहीस का? म्हणाली, "भाकऱ्या करताना खेळायचे की. आजोबांचे डाव, तुझे डाव. मंडईत जाताना पण. पट लागतोच असं कुठाय."

२८ जुलै २०२५ ला बाटुमीत महिलांच्या वर्ल्ड कपची फायनल, नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी. दोन डाव बरोबरीत, मग रॅपिडचा, म्हणजे कमी वेळाचा, पहिला डावही बरोबरीत, दुसऱ्यात दिव्या काळ्या मोहऱ्यांनी जिंकली. एकोणीस वर्षांची पोर, त्या विजयाबरोबर थेट ग्रँडमास्टर. ती रडत होती ते सगळ्यांनी बघितलं. मी अक्काला फोन लावला तर तिने उचलला आणि बोलेचना. मग म्हणाली, "डाळीचा डबा आहे का रे अजून?" डबा नाही, आईनंतर भांडी वाटली गेली. पण पट आहे आणि मोहरी आहेत, मी त्या दिवाळीत भाऊबीजेला बार्शीला जाताना पिशवीत घालून नेली. तिने मोहरी ओतली आणि न बघता हाताने चाचांचा वजीर बरोबर काढला. "मी काळी घेते."

तीन दिवसांत अकरा डाव. आठ तिने जिंकले, एक मी, एक बरोबरीत, आणि ती बरोबरीही तिला अजून मान्य नाही. अकरावा अर्धवट राहिला, माझी बस होती. पट तिच्याकडेच ठेवून येणार होतो तर नको म्हणाली, "तूच मांड तिकडे, मी फोनवर सांगते."

तेव्हापासून तो डाव माझ्या टेबलावर आहे. ती बार्शीहून चाल सांगते, मी तिचं मोहरं हलवतो, मग माझं हलवून तिला कळवतो. तिच्यासमोर पट नाही, तिला तो लागत नाही. परवा दुपारी फोन आला, आधी गुडघ्याचं, मग नातवाच्या परीक्षेचं, आणि ठेवता ठेवता म्हणाली, "माझा वजीर जी पाच." मी शिसवीचा वजीर उचलून जी पाचवर ठेवला. आज तिसरा दिवस. तो तिथे का आला हे मला आत्ता कुठे थोडंथोडं दिसायला लागलंय, आणि जे दिसतंय ते माझ्या राजाला चांगलं नाही.